विषावर उतारा, पण खर्च कोणाच्या खात्यावर?

उत्तर प्रदेशातील कानपूर देहात जिल्ह्यात रनिया नावाची औद्योगिक वसाहत आहे. तिच्या लगतच्या खानचंदपूर परिसरात क्रोमियमयुक्त कचऱ्याचे ढीग १९७६ पासून उघड्यावर साठत गेले. दर पावसाळ्यात त्या ढिगांतून पाणी झिरपले, जमिनीत उतरले आणि गावच्या हातपंपांतून पिवळा रंग घेऊन पुन्हा वर आले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०१९ मध्ये कानपूर परिसरातील २२ कारखान्यांवर मिळून २८० कोटी रुपयांची भरपाई बसवली. सांडपाणी आणि क्रोमियम गंगेत जाऊ दिल्याबद्दल राज्य सरकारलाही १० कोटी रुपये भरावयास सांगितले. पहिला ढीग पडल्यापासून हा आदेश निघेपर्यंत ४३ वर्षे उलटली होती. एवढ्या काळात गावात एक पिढी जन्मली, वाढली आणि तिला मुलेबाळेही झाली. या सर्वांनी कोणते पाणी प्यावे, हा प्रश्न मात्र कोणत्याही सरकारला निकडीचा वाटला नाही.

या काळात विज्ञान स्वस्थ बसले नव्हते. लेथवरून गळणारा लोखंडाचा कीस, ओतशाळेतील बिडाची भुकटी, वीजकेंद्रांची राख, पोलाद कारखान्यांची धातुमळी असे जे जे कारखान्याच्या मागल्या दाराने बाहेर टाकले जाते, त्यातील काही पदार्थांच्या साहाय्याने भूजलातील विषारी जड धातू काढून घेता येतात, हे प्रयोगशाळेत आणि प्रत्यक्ष जमिनीतही सिद्ध झाले आहे. टाकाऊ वस्तूने विष उतरवण्याची ही कल्पना कोणालाही मोहवील अशीच आहे. गरीब देशाला तर ती वरदान वाटावी. आम्हीही तिचे स्वागत करतो. परंतु वरदान कोणाच्या हाती पडते यावर त्याचे फळ अवलंबून असते, असा आपल्या देशाचा अनुभव आहे. म्हणून हा विषय केवळ रसायनशास्त्राचा मानून तज्ज्ञांवर सोपवून देणे श्रमिकांच्या चळवळीला परवडणारे नाही.

प्रथम हे विष येते कोठून ते पाहू. कानपूरची ओळख चामड्याच्या धंद्यामुळे आहे. कातडे कमावण्यासाठी क्रोमियमचा क्षार लागतो. हा क्षार बनवण्यासाठी क्रोमाइट नावाचे खनिज सोडा व चुना घालून भट्टीत भाजतात, त्यातून क्रोमेट धुऊन काढतात आणि उरलेली माती बाहेर टाकतात. या उरलेल्या मातीतही क्रोमेटचा अंश राहतोच. क्रोमियम दोन रूपांत आढळते. त्रिसंयुजी रूप पाण्यात फारसे विरघळत नाही आणि जमिनीत जागच्या जागी राहते. षट्संयुजी रूप मात्र पाण्यात सहज विरघळते, भूजलाबरोबर दूरवर वाहत जाते आणि शरीरात पेशीपर्यंत पोहोचते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एका लिटर पाण्यात एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. पाण्याचा पिवळेपणा नुसत्या डोळ्यांना दिसू लागतो तेव्हा ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली असते. म्हणजे खानचंदपूरच्या बाईला प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहण्याचे कारण नव्हते; तिच्या घागरीतच तो अहवाल होता.

ही कथा एकट्या कानपूरची नाही. तामिळनाडूतील राणीपेट येथे एका क्रोमेट कारखान्याने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे २० वर्षे उत्पादन केले आणि तो बंद पडला तेव्हा मागे दोन लाख टनांहून अधिक कचऱ्याचा डोंगर उरला. नफ्याचे वाटप झाले, कारखान्याला टाळे लागले, आणि डोंगर शेजारच्या विहिरींच्या वाट्याला आला. भांडवलशाहीच्या हिशेबवहीत नफ्याचे रकाने असतात, या डोंगराचा रकाना नसतो. तो गावाच्या खात्यावर, मुलांच्या कातडीवर आणि रुग्णालयाच्या बिलावर मांडला जातो.

आता उताऱ्याकडे वळू. षट्संयुजी क्रोमियमच्या पाण्यात शुद्ध लोखंडाचा कीस टाकला, तर लोखंड गंजू लागते. गंजताना ते आपले इलेक्ट्रॉन सोडते, ते क्रोमियम घेते आणि त्रिसंयुजी बनते. मग लोहाच्या गंजाबरोबर त्याचा साका बसतो आणि पाणी पुढे निघून जाते. शालेय पुस्तकातील क्षपणक्रियेहून यात गूढ असे काही नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एलिझाबेथ सिटी येथे तटरक्षक दलाच्या तळावर मुलामा देण्याचा एक विभाग होता. तो १९८४ मध्ये बंद झाला, पण तत्पूर्वी त्याच्या जमिनीखाली क्रोमिक आम्ल अनेक वर्षे मुरत राहिले होते आणि दूषित भूजल नदीकडे सरकत होते. जून १९९६ मध्ये तेथे प्रवाहाला आडवा असा ४६ मीटर लांब, सुमारे ७.३ मीटर खोल आणि ०.६ मीटर रुंद चर खणून तो लोखंडाच्या दाण्यांनी भरण्यात आला. पंप नाही, वीज नाही, रोज ओतावे लागणारे रसायन नाही. पाणी आपल्या गतीने या लोखंडी भिंतीतून पाझरत गेले आणि पलीकडे निघाले तेव्हा त्यातील क्रोमियम पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेखाली आलेले होते. पुढे अनेक वर्षे तपासण्या झाल्या, त्यांतही भिंत कामास येत असल्याचे दिसले. अशा भिंतींसाठी जे दाणे वापरतात ते बहुधा मोटार उद्योगातील बिडाच्या कीसापासूनच तयार केलेले असतात.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. बांगलादेश आणि पश्चिम बंगालच्या भूजलातील आर्सेनिक कोणा कारखान्याने सोडलेले नाही. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात ते निसर्गतःच आहे, आणि नळकूपांनी ते वर आणले. या पाण्यावर अबुल हुसाम या बांगलादेशी वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने कुश्तिया येथे आपल्या भावासह जी गाळणी तयार केली, तिच्यात वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे यांच्या जोडीला यंत्रशाळांतून निघणाऱ्या बिडाच्या कीसावर प्रक्रिया करून बनवलेला थर असतो. दोन बादल्या एकीवर एक ठेवून ही गाळणी चालते, आणि तिला वीज लागत नाही. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने तिला १० लाख डॉलरचे पारितोषिक दिले, आणि हुसाम यांनी त्यातील मोठा हिस्सा गाळण्या वाटण्याच्या कामी लावला. मुंबईत जन्मलेले आणि कानपूरच्याच आयआयटीत शिकलेले अशोक गाडगीळ यांनी अमेरिकेतील आपल्या सहकाऱ्यांबरोबर कोळशाच्या राखेच्या कणांवर लोहाच्या गंजाचा लेप देऊन आर्सेनिक पकडण्याचा प्रयोग केला. पुढे त्यांनी लोखंडी पत्र्यांतून सौम्य वीजप्रवाह सोडून पाण्यातच गंज निर्माण करण्याची रीत विकसित केली आणि २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधील धपधपी येथील शाळेत तिचे केंद्र उभे राहिले.

या प्रयोगांत समाजवाद्यांना जवळचे वाटावे असे बरेच आहे. परदेशी मक्तेदार कंपन्यांच्या महागड्या पडद्यांवर आणि रेझिनांवर अवलंबून राहण्याऐवजी तालुक्याच्या ठिकाणच्या यंत्रशाळेत जे रोज झाडून काढले जाते त्यातून पाण्याची शुद्धी होते. डॉ. राममनोहर लोहियांनी ज्या लहान यंत्राचा, गावाला पेलेल आणि गावाला दुरुस्त करता येईल अशा तंत्राचा आग्रह धरला, त्याच्याशी हे सुसंगत आहे. विज्ञान श्रीमंतांच्या दाराशीच उभे असते असे नाही, याचीही ही साक्ष आहे.

तथापि स्वागत करताना डोळे मिटून चालणार नाही. सावधगिरीची पहिली बाब विज्ञानाच्याच पोटातली आहे. टाकाऊ पदार्थ हा अखेर टाकाऊ पदार्थच असतो. तो निर्विष आहे असे गृहीत धरता येत नाही. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, पारा आणि सेलेनियम यांचे अंश असतात. ॲल्युमिनियमच्या कारखान्यांतून निघणारा लाल चिखल प्रयोगशाळेत आर्सेनिक पकडतो हे खरे, पण तो अतिशय दाहक क्षारयुक्त असतो. ४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीत आयका येथे याच चिखलाच्या तलावाचा बांध फुटला आणि १० माणसे प्राणास मुकली. आपल्याकडे एप्रिल २०१९ मध्ये झारखंडातील मुरी येथे लाल चिखलाचा ढिगारा कोसळला, आणि जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळा येथील औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचा तलाव फुटून राखेचे पाणी शेतांत व नदीपात्रात शिरले. ज्या राखेला आपण औषध म्हणू पाहतो, ती आधी कोणाच्या तरी शेतावर विष म्हणून पसरलेली आहे.

रसायनशास्त्राची आणखी एक अट आहे. राख आणि पोलादाची मळी पाण्याला क्षारीय करतात. शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त यांसारखे धातू अशा पाण्यात साक्याच्या रूपाने खाली बसतात, म्हणून त्यांच्यावर हा उपाय बहुधा लागू पडतो. षट्संयुजी क्रोमियम आणि आर्सेनिक यांची गोष्ट उलट आहे. पाणी क्षारीय झाले की ते अधिकच मोकळे होऊन पुढे वाहू लागतात. एका विषाचा उतारा दुसऱ्या विषाला वाट करून देतो. म्हणून 'टाका राख, पाणी शुद्ध' अशी घोषणा जो कंत्राटदार करील, त्याच्यापासून गावाने दूर राहावे. कोणते विष, किती प्रमाणात, कोणत्या थरातून कोठे वाहते आहे, याचे मोजमाप झाल्याखेरीज कोणताही उपाय अंधारात मारलेला दगड ठरतो. जमिनीचाही विचार हवा. गंगेच्या गाळाच्या मैदानात पाणी वाळूतून सरळ पुढे सरकते, त्यामुळे तेथे चर खणून भिंत घालता येईल. महाराष्ट्रातील काळ्या कातळात पाणी फटींतून आणि सांध्यांतून वाट काढते. तेथे तीच भिंत तशीच्या तशी घातली तर पाणी बाजूने निघून जाईल आणि भिंत केवळ पाहुण्यांना दाखवण्यापुरती उरेल.

त्याशिवाय लोखंडी भिंत ही एकदा बांधून विसरून जाण्याची वस्तू नव्हे. गंजाने तिची छिद्रे बुजत जातात, तिची शक्ती हळूहळू ओसरते, आणि पकडलेला धातू तिच्यातच साठून राहतो. गाळणीचेही तेच आहे. विष नाहीसे होत नाही. पाण्यातून ते कीसात येते. तो वापरलेला कीस पुढे कोठे जाणार? गावाच्या उकिरड्यावर गेला तर एक फेरा पूर्ण झाला एवढेच म्हणायचे. घरोघरच्या गाळण्यांबाबत आणखी एक गोष्ट बोलली जात नाही. बादली भरणे, गाळणी धुणे, कीस बदलण्याची तारीख लक्षात ठेवणे हे सारे काम घरातील बाईच्या माथी येते. म्हणजे कारखान्याने केलेली घाण निस्तरण्याचे बिनपगारी काम देशातील सर्वांत गरीब स्त्रियांना देण्यात येते आणि त्यालाच लोकसहभाग असे गोंडस नाव मिळते.

'टाकाऊतून उपयुक्त' या घोषणेला एक जुना इतिहासही आहे, आणि तो समाजवादी चळवळीच्या परिचयाचा आहे. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या कडेला शॉफील्ड येथे एक मोठा क्रोमेट कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालला. १८९९ मध्ये ब्रिटिश मजूर चळवळीचे नेते केर हार्डी यांनी या कारखान्यातील कामगारांच्या स्थितीवर एक घणाघाती पत्रिका लिहिली. रोज १२ तास, आठवड्याचे सातही दिवस काम. क्रोमेटच्या धुळीने नाकाच्या पडद्याला पडलेली भोके आणि अंगावरचे न भरणारे व्रण. आणि या साऱ्याचा धनी मात्र दानशूर धर्मनिष्ठ लॉर्ड म्हणून मिरवणारा, रविवारचे पावित्र्य राखण्याचा जगाला उपदेश करणारा! हे चित्र हार्डींनी लोकांपुढे उभे केले, तेव्हा देशभर खळबळ माजली आणि कामगारांच्या स्थितीत काही सुधारणा करणे मालकाला भाग पडले. पण कारखान्याच्या मातीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ती भरावासाठी उपयुक्त म्हणून शहराच्या आग्नेय भागात खड्ड्यांत आणि सखल जमिनींवर लक्षावधी टन पसरली गेली, आणि तिच्यावर वस्त्या व मैदाने उभी राहिली. कारखाना बंद होऊन अर्धशतक लोटल्यावर, २०२१ मध्येही, तेथील पोलमडी नावाच्या ओढ्याचे पाणी हिरवेपिवळे झालेले लोकांनी पाहिले. उपयुक्तता ठरवण्याचा अधिकार केवळ कचऱ्याच्या मालकाकडे राहिला म्हणजे काय होते, याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरा नसेल.

येथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. स्वस्त उपाय निघाला याचा अर्थ कोण कसा लावणार? कारखानदार म्हणेल की पाणी शुद्ध करणे आता इतके सोपे आहे तर आमच्यावर कडक निर्बंध कशाला? सरकार म्हणेल की गावाला गाळण्या वाटल्या, आता नळयोजनेची घाई नाही. आणि कचऱ्याचा मालक म्हणेल की आमची राख ही राख नसून शुद्धीकरणाचे साहित्य आहे, तेव्हा तिच्या विल्हेवाटीचा खर्चही आम्ही का सोसावा? विषाचा उतारा हाच विष सोडण्याचा परवाना बनेल. हा धोका काल्पनिक नाही. कायद्याची अलीकडची वाटचाल त्याच दिशेने आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात २०२४ साली दुरुस्ती झाली आणि अनेक गुन्ह्यांसाठीची तुरुंगवासाची शिक्षा जाऊन तेथे १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. ही दुरुस्ती प्रथम हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. इतर राज्यांना ती ठराव करून स्वीकारता येते. ज्या कारखान्याची उलाढाल कोटींत आहे त्याला १५ लाखांचा दंड हा धंद्याचा एक किरकोळ खर्च वाटणार, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

वास्तविक आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही दिशा पूर्वीच वेगळी आखून दिली होती. गंगेच्या प्रदूषणासंबंधी कानपूरच्या टॅनऱ्यांच्या खटल्यात १९८७ मध्ये न्यायालयाने सांगितले की, जो कारखाना कामगारांना किमान वेतन देऊ शकत नाही त्याला जसा चालण्याचा अधिकार नाही, तसाच सांडपाण्यावर प्राथमिक प्रक्रियाही करू न शकणाऱ्या टॅनरीलाही नाही. मालकाची ऐपत हा मुद्दाच तेथे गैरलागू आहे. किमान वेतन आणि निर्मळ पाणी यांना एका तराजूत घालणारा हा विचार आमच्या मते भारतीय न्यायशास्त्राचा एक उंच क्षण आहे. १९९६ मध्ये राजस्थानातील बिछडी आणि तामिळनाडूतील वेल्लोर या दोन खटल्यांत 'प्रदूषण करील तो भरील' हे तत्त्व न्यायालयाने देशाच्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केले.

पण तत्त्व आणि वसुली यांत किती अंतर असते तेही बिछडीनेच दाखवले. उदयपूर जिल्ह्यातील त्या गावच्या विहिरी रासायनिक गाळाने नासल्या त्या १९८० च्या दशकाच्या अखेरीस. निकाल लागला १९९६ मध्ये. त्यानंतर कारखानदार अर्जामागून अर्ज करीत राहिले, आणि २०११ मध्ये न्यायालयाला ते अर्ज फेटाळून ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. दोन दशकांहून अधिक काळ शेतकऱ्याची विहीर आणि कारखानदाराचा वकील यांच्यात ही लढाई चालली, आणि या लढाईत थकण्याची पाळी नेहमी विहिरीवर येते. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले, त्यांतही सफाईचा खर्च प्रदूषकाने सोसावा असे म्हटले आहे. ही गोष्ट चांगली आहे. आता तिला दात असले पाहिजेत.

या ठिकाणी एका फसव्या युक्तिवादाचा समाचार घेणे अवश्य आहे. पाण्याचा प्रश्न काढला की मालक कामगारांना पुढे करतात: कारखाना बंद पडेल, तुमची चूल विझेल. कानपूरच्या टॅनऱ्यांत काम करणारे बहुसंख्य लोक दलित आणि मुसलमान आहेत. त्यांच्या पोटाचा प्रश्न आम्ही दुय्यम मानीत नाही. टॅनऱ्यांवर एकाएकी बंदीचा बडगा उगारून सरकार जेव्हा आपली गंगाभक्ती सिद्ध करते, तेव्हा मालकाचे भांडवल दुसरीकडे जाते आणि कामगार मात्र रस्त्यावर येतो. परंतु हेही विसरता येत नाही की क्रोमेटची धूळ पहिल्यांदा कामगाराच्याच फुप्फुसात जाते आणि दूषित हातपंप बहुधा त्याच्याच वस्तीत असतो. गावकरी आणि कामगार ही दोन निराळी माणसे नाहीत. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डाव कामगार संघटनांनी हाणून पाडला पाहिजे, आणि पाणी शुद्ध करण्याची मागणी आपल्या मागणीपत्रात वेतनाच्या बरोबरीने लिहिली पाहिजे.

मग आमची भूमिका काय? टाकाऊ पदार्थांच्या साहाय्याने भूजल शुद्ध करण्याचे तंत्र सरकारी खर्चाने, सार्वजनिक संस्थांच्या देखरेखीखाली आणि सर्वांना खुले ठेवून विकसित व्हावे. परंतु त्याचा क्रम ठरलेला असावा. जेथे विहिरी नासल्या आहेत तेथे पहिले काम म्हणजे दुसऱ्या निर्मळ उगमाचे पाणी नळाने पोहोचवणे, आणि त्याचा खर्च प्रदूषकाकडून वसूल करणे. दुसरे काम म्हणजे विषाचा ढीग उचलून सुरक्षित ठिकाणी नेणे आणि नव्याने पडणारा प्रत्येक घमेलाभर कचरा थांबवणे. कारण नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही. त्यानंतरच, जमिनीत आधीच मुरलेल्या विषासाठी, लोखंडी भिंतीचा किंवा दुसऱ्या योग्य उपायाचा विचार व्हावा. वापरावयाच्या राखेची, मळीची आणि कीसाची आधी स्वतंत्र तपासणी व्हावी. तिच्यातून काय झिरपते हे कळल्याशिवाय ती गावाच्या भूजलात उतरू नये. वापरून झालेल्या साहित्याची नोंद ठेवून त्याची विल्हेवाट घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे लावावी. भिंत जितकी वर्षे राहील तितकी वर्षे तिच्या देखभालीचा आणि तपासणीचा पैसा प्रदूषकाने आगाऊ ठेव म्हणून भरावा, म्हणजे उद्या कारखान्याला टाळे लागले तरी गाव उघडे पडणार नाही. सफाईसाठी कारखाना थांबवावा लागला तर त्या काळाचे वेतन मालकाने द्यावे. आणि पाण्याच्या प्रत्येक तपासणीचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लोकांच्या भाषेत लिहिला जावा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कपाटातील अहवालाने आजवर कोणाची तहान भागलेली नाही.

यातील एकही मागणी अशक्य नाही. लोखंडाच्या कीसाने क्रोमियम बसते हे जसे सिद्ध झाले आहे, तसेच संघटित लोकांच्या रेट्याने कायदा हलतो हेही सिद्ध झाले आहे. मुंबईच्या उपनगरांत मृणाल गोरे यांनी हंडे घेतलेल्या बायकांना बरोबर घेऊन नगरपालिकेला जाब विचारला, तेव्हा पाणी हा राजकारणाचा विषय नाही असे म्हणणारे पुष्कळ होते. नळाला पाणी आले ते त्या मोर्चांमुळे.

महाराष्ट्राला पाण्याच्या लढ्याची परंपरा नवी नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी उचलले, तेव्हा सार्वजनिक पाणी सर्वांचे आहे हा सिद्धान्त त्यांनी कृतीने मांडला. १९७० च्या दशकात बाबा आढावांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम चालवून तोच सिद्धान्त गावोगाव नेला. आज महाडच्या परिसरात रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे, आणि देशात अशा वसाहती शेकड्यांनी आहेत. पाणवठ्यावर जाण्याचा हक्क ज्यांनी लढून मिळवला, त्यांच्या नातवंडांना त्या पाणवठ्यातून विष मिळाले तर तो हक्क कागदावरच राहील. पाणवठा सर्वांचा झाला पाहिजे ही लढाई अजून संपलेली नाही. तो निर्मळ राहिला पाहिजे, आणि तो ज्याने नासवला त्यानेच आपल्या तिजोरीतून तो निर्मळ करून दिला पाहिजे, ही त्याच लढाईची पुढची पायरी आहे. लोखंडाचा कीस या कामी अवश्य वापरावा. पण त्याचे बिल गावाच्या नावाने फाडले जाणार नाही, याचा पहारा आपणच दिला पाहिजे.